आयपी कुठे बसलाय ते आधी बघा

नवीन कनेक्शन घेताना घरोघरी दोनच प्रश्न विचारले जातात: स्पीड किती, आणि महिन्याला किती? मग कंपनीचा माणूस येतो, खिडकीच्या चौकटीतून वायर आत घेतो, मोडेम-राउटरचा डबा लटकवतो, वायफायचा पासवर्ड म्हणून तुमचाच मोबाइल नंबर टाकतो, स्पीड टेस्टचा काटा फिरवून दाखवतो आणि पुढच्या घरी निघतो. तिसरा प्रश्न राहूनच जातो: बाहेरच्या जगाला दिसणारा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर तुमची ओळख असलेला आकडा, नेमका कुठे बसला? तुमच्या कॉम्प्युटरवर, त्या डब्यावर, की पार तिकडे कंपनीच्या यंत्रावर? कॉम्प्युटर तोच, विंडोज तीच, अँटिव्हायरसही तोच असला, तरी तुमच्या दारापर्यंत कोण येऊ शकतं हे या उत्तरावर ठरतं. स्पीडचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

बाहेर दिसणारा हा पब्लिक आयपी म्हणजे हमरस्त्यावर उघडणारं दार. तो चालू झाल्यावर काही मिनिटांतच अनोळखी टकटक सुरू होते. कुणी तुम्हाला हेरून येत नाही. जगभरातली लागण झालेली यंत्रं एकामागून एक आकडे लावत सगळे पत्ते चाळत असतात: २३ नंबरचं पोर्ट (दारातली क्रमांक दिलेली खिडकी, एकेका कामासाठी एकेक) उघडं आहे का, ४४५ आहे का, ३३८९ आहे का. बंद दिसलं की पुढच्या घरी.

तुमचं दार कुठे आहे हे पाहायला पाच मिनिटं पुरतात. व्हीपीएन (पत्ता झाकणारं अ‍ॅप) चालू असेल तर आधी बंद करा. विंडोजवर स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून काळी खिडकी उघडा, ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्या आणि ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’समोरचा आकडा लिहून घ्या. तिथेच खाली ‘डिफॉल्ट गेटवे’ दिसेल, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा त्याच्या आसपासचा. तो ब्राउझरमध्ये टाकला की डब्याचं पान उघडतं. लॉगिन डब्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतं. त्या पानावर ‘स्टेटस’ किंवा ‘वॅन’ (डब्याची बाहेरची बाजू) या सदराखालचा आयपी हा दुसरा आकडा. तिसरा गूगलवर ‘माझा आयपी काय’ असं विचारल्यावर मिळतो. तिथे आकड्यांऐवजी अक्षरं मिसळलेला लांबलचक पत्ता आला तर तो आयपीव्ही६, त्याचं पुढे बघू.

आता तिन्ही शेजारी ठेवा. पहिला आणि तिसरा एकच असेल, तर पब्लिक आयपी थेट कॉम्प्युटरवर बसलाय. पहिला वेगळा पण दुसरा आणि तिसरा सारखा असेल, तर तो डब्यावर आहे. आणि दुसरा १०.पासून सुरू होणारा किंवा १००.६४ ते १००.१२७ मधला असून तिसरा भलताच असेल, तर तुम्ही कंपनीच्या मोठ्या पडद्यामागे आहात, एकच पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटला जातोय. त्याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात, आणि १००.६४चा तो पट्टा २०१२ साली त्यासाठीच राखून ठेवलेला आहे.

कॉम्प्युटरच हमरस्त्यावर

१५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा डायलअपच्या, म्हणजे फोन लावून नेटला जोडल्या जाणाऱ्या, घरांची स्थिती ही पहिलीच होती. मोडेम चिरकत नंबर लावायचा आणि पब्लिक आयपी थेट कॉम्प्युटरला मिळायचा. मधे राउटर नाही, काही नाही. तरी निभावलं, कारण फोनचं मीटर पडायच्या भीतीने लोक काम झालं की लाइन तोडायचे, आणि पुढच्या वेळी पत्ता बदललेला असायचा. त्या काळचा खास धोका वेगळाच होता. ‘डायलर’ नावाचे प्रोग्राम मोडेमचा नंबर गुपचूप बदलून परदेशी महागडा नंबर लावत, आणि चोरीचा पत्ता लागायचा तो थेट टेलिफोनच्या बिलावर.

ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर आला आणि पत्ता थेट कॉम्प्युटरवर असण्याची किंमत सगळ्यांना कळली. हा किडा १३५ नंबरच्या पोर्टातून शिरायचा. कुठलीही फाइल उघडायची गरज नव्हती; नेटला जोडलेलं असणं एवढंच पुरे. स्क्रीनवर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू व्हायचा. पुन्हा नेटला जोडला की पुन्हा तेच. दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैतच दिली होती, पण ती उतरवायला लाइनवर राहायला हवं, आणि लाइनवर राहिलं की मोजणी सुरू. पुढल्या वर्षी मेच्या सुरुवातीला सॅसरने ४४५च्या वाटेने हाच खेळ केला. गंमत म्हणजे विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल, म्हणजे नको ती वाहतूक अडवणारी भिंत, होती, फक्त बंद ठेवून दिलेली. ऑगस्ट २००४च्या सर्व्हिस पॅक २ने ती आपोआप चालू केली. तो पॅक पूर्ण घ्यायचा तर सुमारे २६६ एमबी. डायलअपच्या ४० केबीपीएसने सलग पंधरा तास. अर्थातच तो सीडीवरून हातोहात फिरला.

त्याच आठवड्यांत ज्यांच्याकडे साधा राउटर होता त्यांना या दोन्ही किड्यांचा वाराही लागला नाही. राउटरच्या आत नॅट असतं: आतून कुणी मागवलेलं असेल तेच बाहेरून आत येतं, आगंतुक पाकीट कुणासाठी आहे हेच त्याला ठाऊक नसतं म्हणून ते टाकून देतं. नॅट जन्माला आलं पत्ते अपुरे पडले म्हणून. संरक्षण हा त्याचा जोडफायदा.

गच्चीवरचा स्विच

हा इतिहास उगाळायचं कारण, ती पहिली स्थिती आजही आहे. जुन्या इमारतीत, चाळीत, तालुक्याच्या गावी केबलवाल्याचं इंटरनेट असं येतं: गच्चीवर पत्र्याच्या पेटीत एक स्विच (एका लाइनीच्या अनेक वाटा करणारा डबा), त्यातून निघालेल्या आठ, सोळा लॅन वायरी डक्टमधून खाली, आणि त्यातली एक थेट तुमच्या डेस्कटॉपच्या पाठीत. विंडोजमध्ये ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ नावाचा आयकॉन, त्यावर युजरनेम-पासवर्ड. काही ठिकाणी ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान येतं, बरेचदा कुलपाच्या चिन्हाशिवायचं, म्हणजे पासवर्ड उघडा प्रवास करतो.

इथे बाहेरच्या जगाइतकाच विचार शेजाऱ्यांचा करावा लागतो. ऑपरेटरने स्विचवर प्रत्येक पोर्ट (इथे पोर्ट म्हणजे वायर लावायचं भोक) वेगळं पाडलेलं नसेल, तर अख्खी विंग म्हणजे एकच ऑफिस. फाइल एक्स्प्लोररमध्ये ‘नेटवर्क’वर टिचकी मारा, अनोळखी कॉम्प्युटरांची नावं दिसली तर तुमचंही त्यांना दिसतंय. पूर्वी कधीतरी प्रिंटरसाठी किंवा भावाला फोटो द्यायला ‘एव्हरीवन’ला शेअर केलेला फोल्डर असेल, तर तो आता चौथ्या मजल्यावरूनही उघडतो. मे २०१७मधला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय ४४५च्याच वाटेने पसरला. एका लागण झालेल्या कॉम्प्युटरने शेजारच्यांना गाठायला अशा वायरिंगएवढी सोयीची जागा दुसरी नाही.

अशा इमारतीत अधूनमधून होणारा एक घोटाळा बघण्यासारखा आहे. कुणीतरी नवीन राउटर आणतो आणि गच्चीवरून आलेली वायर ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’, म्हणजे आतल्या बाजूच्या, पोर्टात खुपसतो. त्याचा राउटर आता सगळ्या विंगला पत्ते वाटायला लागतो. लोकांच्या कॉम्प्युटरवर अचानक १९२.१६८.०.असा काहीतरी आकडा येतो, नेट बंद, आणि केबलवाल्याचा फोन दिवसभर खणखणतो. ही झाली चूक. हेच कुणी मुद्दाम केलं आणि पुढे नेट चालूही ठेवलं, तर विंगची सगळी वाहतूक त्याच्या डब्यातून जाते आणि डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय, तीही त्याचीच. बँकेची साइट एचटीटीपीएसवर (कुलपाच्या चिन्हाची, गुप्त लिपीत) असल्यामुळे मजकूर वाचता येत नाही. पण तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळतं, आणि खोट्या पानावर वळवता येतं. ब्राउझरने ‘सर्टिफिकेट बरोबर नाही’ म्हटल्यावर ‘तरीही पुढे जा’ दाबणाऱ्याचं मग काही खरं नाही.

उपाय हजार-दीड हजार रुपयांचा आहे: मधे स्वतःचा राउटर. वरून आलेली वायर ‘वॅन’ लिहिलेल्या पोर्टात. ते बहुतेक डब्यांवर बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचं असतं. कॉम्प्युटर लॅन पोर्टात. राउटरच्या पानावर वॅनचा प्रकार पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडणारा) निवडून तेच युजरनेम-पासवर्ड टाका आणि विंडोजमधला ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ आयकॉन काढून टाका. दोन ठिकाणी अडतं. एक, ऑपरेटरने तुमच्या जुन्या कॉम्प्युटरचा मॅक पत्ता (यंत्राचा कारखान्यातून आलेला क्रमांक) बांधून ठेवलेला असतो, त्यामुळे राउटरला नेट मिळत नाही. तेव्हा त्याच कॉम्प्युटरवरून राउटरचं पान उघडून ‘क्लोन मॅक’ दाबा, किंवा ऑपरेटरला फोन करून नवीन मॅक बांधून घ्या. दोन, ऑपरेटरकडूनही १९२.१६८.१ चाच पत्ता येत असतो आणि राउटरही आत तोच वाटत असतो. मग राउटर गोंधळतो आणि सगळं जोडलेलं दिसूनही एकही पान उघडत नाही. राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.५०.१ असा काहीतरी करून टाका, सुटतं.

राउटर घ्यायचा नसेल तर निदान विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘इथरनेट’मध्ये जाऊन प्रोफाइल ‘पब्लिक’ करा. नाव वाचून लोक दचकतात, वाटतं आपण सगळं खुलं करतोय. अर्थ उलटा आहे: ‘हे नेटवर्क सार्वजनिक आहे, इथे मला लपवून ठेव.’

डबा म्हणजे दुसरा कॉम्प्युटर

टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड आलं आणि पब्लिक आयपी कॉम्प्युटरवरून डब्यावर सरकला, निदान डबा ‘राउटर’ मोडमध्ये असेल तर. ‘ब्रिज’ मोडमध्ये असेल आणि युजरनेम विंडोजमध्ये टाकावं लागत असेल, तर तुम्ही डायलअपच्याच जागी आहात, फरक इतकाच की लाइन दिवसरात्र चालू.

डब्यावर पत्ता आल्याने कॉम्प्युटर सुटला आणि टकटक डब्यावर सुरू झाली. डब्यात छोटं लिनक्स असतं, त्याला पासवर्ड असतो, आणि तो फार काळ बहुतेक घरांत ‘अ‍ॅडमिन’-‘अ‍ॅडमिन’ होता. २०१६च्या उत्तरार्धात मिराई नावाच्या किड्याने हेच हेरलं. त्याच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, टेलनेट (दुरून यंत्रात शिरायची जुनी वाट, २३ नंबरची) उघडं दिसलं की एकेक लावून बघायची. त्याच नोव्हेंबरात जर्मनीत सुमारे ९ लाख घरांचे राउटर कोलमडले. तिथे निमित्त झालं ७५४७ पोर्टाचं, जे कंपनीला दुरून डबा सांभाळता यावा म्हणून उघडं ठेवलेलं असतं. जुलै २०१७मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमांवर हल्ला झाला. पासवर्ड न बदललेले हजारो मोडेम बसले आणि ग्राहकांना पासवर्ड बदला म्हणून सांगावं लागलं.

मिराईसारखे किडे डब्याच्या मेमरीत राहतात, म्हणून डबा बंद करून चालू केला की निघून जातात. पण पासवर्ड तोच ठेवला तर थोड्याच वेळात परत. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: बाहेरची वायर काढा, डबा बंद-चालू करा, वायर न लावताच पासवर्ड बदला, ‘रिमोट मॅनेजमेंट’ आणि टेलनेट बंद करा, मग वायर जोडा.

डब्यावरचा दुसरा, जास्त शांत हल्ला म्हणजे डीएनएस बदलणे. नेट मंदावत नाही, काही बिघडत नाही. फक्त नावावरून पत्ता शोधून देणारा माणूस बदलतो. ‘वॅन’ आणि ‘डीएचसीपी’ (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारं) या दोन्ही पानांवर डीएनएसचे आकडे बघा. तिथे कंपनीचे, किंवा ८.८.८.८, १.१.१.१, ९.९.९.९ असे जाणूनबुजून टाकलेले आकडे असावेत. तुम्ही न टाकलेला, कुणाचा ते न कळणारा आकडा दिसला तर फॅक्टरी रीसेट करा. त्याआधी पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या, नाहीतर रीसेटनंतर कस्टमर केअरच्या रांगेत दुपार जाते.

फायबर म्हटलं की लोकांना वाटतं, काचेतून प्रकाश जातोय, आता कोण चोरणार. जीपॉनमध्ये, म्हणजे घरोघरच्या फायबरच्या नेहमीच्या पद्धतीत, एक फायबर स्प्लिटरवर ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो, आणि कंपनीकडून येणारा प्रकाश त्या सगळ्या घरांच्या डब्यांपर्यंत पोचतो. शेजाऱ्याचा सिनेमाही तुमच्या भिंतीपर्यंत येतो, फक्त प्रत्येकाचा भाग वेगळ्या किल्लीने एईएस या गुप्त लिपीत बंद करता येतो आणि तुमचा डबा आपलाच उघडतो. त्यामुळे काचेची काळजी करू नका, डब्याची करा. २०१८मध्ये दासान कंपनीच्या जीपॉन राउटरांत असं सापडलं की पानाच्या पत्त्यापुढे ठरावीक शब्द जोडला की पासवर्ड न विचारताच आतली पानं उघडतात. काही दिवसांत ते डबे बॉटनेटांनी (लागण झालेल्या यंत्रांच्या टोळ्यांनी) भरले.

कंपनीच्या डब्याचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) तुम्ही बदलू शकत नाही, ते कंपनी पाठवेल तेव्हाच येतं. शिवाय तुम्हाला दिलेल्या लॉगिनच्या वर कंपनीचं स्वतःचं मोठं लॉगिन असतं. म्हणून माझं मत सरळ आहे: फायबरच्या डब्यामागे आपला राउटर लावा, डब्याचा वायफाय बंद करा आणि घरातलं सगळं आपल्या राउटरवर घ्या. दोनदा नॅट होतं म्हणून नेटवर खूप आरडाओरडा वाचायला मिळेल. गेमिंगची काही गणितं सोडली तर घरात त्याने काही अडत नाही. राउटर घेताना अँटेना मोजण्यापेक्षा त्या मॉडेलला शेवटचं फर्मवेअर कधी आलं ते कंपनीच्या साइटवर बघा. दोन वर्षांपूर्वीचं असेल तर दुसरा घ्या.

पडद्यामागे असलात तरी

कॅरियर ग्रेड नॅटमागे असाल, जसे मोबाइल डेटावर, एअरफायबरसारख्या बिनतारी कनेक्शनवर आणि बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये असता, तर आयपीव्ही४वरची आगंतुक टकटक तुमच्यापर्यंत येतच नाही. त्या बाबतीत हे सगळ्यात निवांत कनेक्शन. तोटे किरकोळ: तोच पत्ता शेकडो घरांत वाटलेला असल्याने कुणा दुसऱ्याच्या उचापतीमुळे तुम्हाला ट्रॅफिक सिग्नलची चित्रं ओळखत बसावं लागतं.

पण त्याच वायरीतून आयपीव्ही६ही येतं, आणि तिथे नॅट नाही. घरातल्या प्रत्येक लॅपटॉपला, टीव्हीला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो. ‘आयपीकॉन्फिग’मध्ये २४०९ किंवा २४०१ असा, २ने सुरू होणारा लांब पत्ता दिसला तर तुमच्याकडे ते चालू आहे. एफई८०ने सुरू होणारा फक्त घरातल्या घरात चालतो, तो सोडून द्या. आता मधे उभी असते फक्त राउटरमधली आयपीव्ही६ फायरवॉल. ती ‘सिक्युरिटी’ किंवा ‘आयपीव्ही६’ सदराखाली वेगळी दिलेली असते आणि काही स्वस्त डब्यांत बंद किंवा ‘लो’वर असते. ती चालू हवी. आयपीव्ही६ची पत्त्यांची संख्या इतकी अफाट आहे की एका घराच्या वाट्यालाच किमान एकावर १९ शून्यांहून जास्त पत्ते येतात, त्यामुळे आंधळेपणाने चाळून तुम्हाला शोधणं जमत नाही. मात्र तुम्ही ज्या साइटवर जाता तिला तुमचा पत्ता कळतोच. विंडोज त्यासाठी तात्पुरते पत्ते बदलत राहते. आयपीव्ही६ बंद करून टाकण्याचा सल्ला देणारे बरेच भेटतील. फायरवॉल चालू करणं सोपं आहे, तेवढं करा.

मोबाइल हॉटस्पॉटवर कॉम्प्युटर चालवणाऱ्यांचा धोका वेगळ्याच बाजूने येतो आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रोजचा दीड-दोन जीबी पुरावा म्हणून लोक विंडोजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करतात. ते केलं की विंडोज बहुतेक अपडेट उतरवणं थांबवते. सहा महिन्यांनी तो लॅपटॉप ब्लास्टरच्या काळातल्या एक्सपीसारखा झालेला असतो: दुरुस्ती केव्हाच आलेली, पण पोचलेली नाही. मायक्रोसॉफ्टचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, म्हणजे आपल्याकडे रात्र किंवा बुधवारची पहाट. त्या आठवड्यात एकदा ज्यांच्याकडे अमर्याद नेट आहे त्यांच्या वायफायवर लॅपटॉप नेऊन ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा, किंवा ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये मीटर्डवरही अपडेट घ्यायची परवानगी देऊन रात्री उरलेला डेटा त्यावर घालवा. विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ला तिचा नेहमीचा पाठिंबा संपला आहे, हेही मोजा.

मोबाइल नंबरचा पासवर्ड

वायफाय हे घरातलं गच्चीवरचं स्विचच. ज्याला पासवर्ड माहीत तो आत. आणि सुरुवातीला सांगितलेला तो मोबाइल नंबर? हिशेब करू. दहा अंकी नंबर ६, ७, ८ किंवा ९ने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४ अब्ज. वायफायला कुणी जोडलं जात असताना होणारी देवाणघेवाण जिन्यात बसून पकडता येते, आणि पुढचे अंदाज घरी नेऊन, तुमच्या राउटरला पत्ता न लागता लावता येतात. गेमिंगचं एक दणकट ग्राफिक कार्ड डब्ल्यूपीए२ या वायफायच्या कुलपावर सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासतं. ४ अब्ज भागिले दहा लाख, म्हणजे ४००० सेकंद. तासाभराचं काम. शेजाऱ्याकडे तर तुमचा नंबर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच आहे, त्याला कार्डही नको.

एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहा: उखळ, रिक्षा, तेरडा, सोमवार असं काहीतरी. हेच चार नकोत, तुमचे शोधा. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, बंद करा. त्याची आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून निघतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी जेमतेम ११ हजार प्रयत्नांत उलगडते. हे २०११पासून उघड आहे. टीव्ही, कॅमेरे, पाहुणे यांना ‘गेस्ट’ नेटवर्कवर टाका.

स्टॅटिक आयपी आणि कॅमेऱ्यावाला

आता सगळ्यात जास्त नुकसान जिथे होतं ती जागा. कॅमेरे बसवणारा सांगतो, ‘मोबाइलवर बघायचं तर स्टॅटिक आयपी घ्या.’ घरून काम करणारा हिशेबनीस सांगतो, ‘ऑफिसातून घरची टॅली उघडायचीय, रिमोट डेस्कटॉप (दुरून कॉम्प्युटर वापरायची सोय) चालू ठेव.’ निवांत पडद्यामागे असलेलं घर वर्षाला जादा पैसे भरून हमरस्त्यावर येतं, तेही कायमच्या, न बदलणाऱ्या पत्त्यावर. वर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरची टकटक घरातल्या ठरावीक यंत्राकडे पाठवणं: डीव्हीआरसाठी (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) ८० आणि ८००० किंवा ३७७७७, रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९. डीव्हीआरचा पासवर्ड १२३४५ वगैरे, कारण बसवणाऱ्याला सगळीकडे एकच सोयीचा. ३३८९ उघडं दिसलं की त्यावर रात्रंदिवस पासवर्ड लावून बघणं सुरू होतं. एकदा जमलं की सकाळी टॅलीच्या सगळ्या फाइली कुलूपबंद आणि खंडणीची चिठ्ठी. ३३८९चं ३३९० केल्याने फक्त आपलं समाधान होतं. चाळणारे सगळीच पोर्टं चाळतात.

दोन्ही कामं दार न उघडता होतात. डीव्हीआरमध्ये बनवणाऱ्या कंपनीची क्लाउड सोय असते, क्यूआर कोड स्कॅन करून चालणारी. ती पडद्यामागूनही चालते, कारण डीव्हीआर स्वतः बाहेर जोडून घेतो. तिथे भरवसा त्या कंपनीवर टाकावा लागतो, तरी उघड्या पोर्टापेक्षा बरं. कॉम्प्युटरसाठी टेलस्केल हे खासगी बोगदा बांधणारं अ‍ॅप दोन्ही टोकांना टाका. त्याला स्टॅटिक आयपीही नको. स्टॅटिक आयपी घेतलाच असेल तर राउटरवर वायरगार्ड (तशाच बोगद्याचं व्हीपीएन) चालवा आणि फक्त तेवढंच एक पोर्ट उघडं ठेवा. राउटरमधलं यूपीएनपीही बंद करा, नाहीतर डीव्हीआर तुम्हाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेतो, आणि तुम्ही काढलेली नोंद रीस्टार्टनंतर परत दिसते.

तपासणी घरच्या वायफायवरून करू नका. आतून स्वतःचाच पब्लिक आयपी टाकला तर बरेच राउटर आतल्या आत वळसा घेऊन आपलं पान दाखवतात आणि उगाच घाबरायला होतं. मोबाइलचं वायफाय बंद करा, डेटा चालू करा आणि ब्राउझरमध्ये घरचा पब्लिक आयपी टाका; मग त्यापुढे अपूर्णविराम (:) देऊन ८०८०, ८४४३ असे आकडेही लावून बघा. पान उघडलंच नाही तर ठीक. डब्याचं किंवा डीव्हीआरचं लॉगिन समोर आलं, तर रिमोट मॅनेजमेंट आणि पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत परत जा, नोंद काढा, डबा बंद करून चालू करा आणि पुन्हा तपासा. काही डबे ‘सेव्ह’ दाबलं तरी रीस्टार्ट होईपर्यंत जुनंच सेटिंग चालवत राहतात.